पत्ता चुकलेला इशारा

अमली पदार्थांच्या धंद्यात वर चढलेला, पकडला गेलेला, उमेदीची वर्षे तुरुंगात घालवून बाहेर आलेला आणि आता तरुणांना ‘माझ्या वाटेने येऊ नका’ असे सांगत हिंडणारा माणूस हा व्यसनविरोधी प्रचाराचा सर्वांत लाडका वक्ता झाला आहे. शाळा त्याला बोलावतात, पोलीस अधिकारी त्याच्याशेजारी व्यासपीठावर बसतात, माहितीपटांचा शेवट त्याच्या पश्चात्तापावर होतो. या लाडामागे एक ठाम मत उभे आहे आणि ते साधारणपणे असे मांडले जाते : या माणसाने स्वतःच्या इच्छेने वाईट मार्ग निवडला, झटपट पैशाच्या हव्यासापायी निवडला, कायद्याने त्याला कृत्याच्या मापाने शिक्षा दिली, त्या शिक्षेने त्याला माणसांत आणले, आणि ही कहाणी त्याच्याच तोंडून ऐकल्यावर समोर बसलेली मुले धास्तीने सरळ वागतील. या मतातले एकही विधान तपासणीला टिकत नाही. त्याहून गंभीर बाब अशी, की या प्रकारच्या वक्त्यांमध्ये जो सर्वाधिक गाजला त्याचे स्वतःचे आयुष्यच हे मत खोडून काढते, आणि तरीही त्याच्याच आयुष्याचा दाखला देऊन ते पुन्हापुन्हा मांडले जाते.

तो माणूस म्हणजे रिकी डॉनेल रॉस, लॉस एंजेलिस शहराच्या गुन्हेगारी इतिहासात ‘फ्रीवे’ या टोपणनावाने ओळखला गेलेला. हार्बर फ्रीवे या द्रुतगती मार्गालगत त्याने घेतलेल्या मालमत्तांवरून ते नाव पडले. १९६० साली टेक्सासमध्ये जन्मलेला आणि लहानपणीच आईबरोबर लॉस एंजेलिसच्या साउथ सेंट्रल भागात आलेला हा मुलगा १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत क्रॅकच्या घाऊक व्यापारातला शहरातला सर्वांत मोठा पुरवठादार गणला जाऊ लागला होता. क्रॅक म्हणजे कोकेनची भुकटी खाण्याच्या सोड्याबरोबर पाण्यात उकळून तयार केलेले खडे. हे खडे ओढता येतात, त्यांचा अंमल काही सेकंदांत चढतो आणि थोड्याच मिनिटांत उतरतो, त्यामुळे पुन्हा ओढण्याची ओढ अनावर होते. भुकटी ही श्रीमंतांची चैन होती; खडा मात्र मोजक्या डॉलरांत रस्त्याच्या कोपऱ्यावर मिळू लागला, आणि ज्या वस्त्यांत तो पोहोचला तिथली घरे त्याने उद्ध्वस्त केली. रॉसने जे केले त्याचे कोणतेही समर्थन येथे अभिप्रेत नाही. त्याच्या मालाने ज्यांची आई, भाऊ किंवा मूल हिरावले त्यांचा त्याच्यावरील राग पूर्णपणे न्याय्य आहे. प्रश्न आहे तो त्या रागाचा आणि त्या कहाणीचा पुढे कसा उपयोग केला जातो, याचा.

‘त्याने निवड केली’ हे पहिले विधान. रॉस चांगला टेनिसपटू होता. डॉर्सी हायस्कूलमध्ये तो खेळत होता आणि टेनिसच्या बळावर महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळेल, ही त्याच्यापुढची एकमेव खरीखुरी वाट होती. ती बंद झाली, कारण त्याला वाचता येत नव्हते. हे वाक्य शांतपणे पुन्हा वाचण्यासारखे आहे. जगातील सर्वांत श्रीमंत देशातील एका मोठ्या शहराच्या सरकारी शाळेत एक मुलगा इयत्तेमागून इयत्ता चढत गेला, दरवर्षी त्याचे नाव हजेरीपटावर आले, मैदानावर त्याचा खेळ वाखाणला गेला, आणि एवढ्या वर्षांत त्याला अक्षरे लागत नाहीत याची दखल घेऊन त्याला शिकवायला कोणीही बसले नाही. दखल घेतली गेली ती शिष्यवृत्तीचा प्रश्न आला तेव्हा, म्हणजे त्या उणिवेमुळे दार बंद करण्याची वेळ आली तेव्हा. मुलाला वरच्या वर्गात ढकलणे ही निवड कोणाची होती? अठरा-एकोणीस वर्षांच्या निरक्षर मुलाला कोणती नोकरी मिळणार होती, हे ठरवणे कोणाच्या हातात होते?

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लॉस एंजेलिसच्या औद्योगिक इतिहासात आहे. साउथ सेंट्रलच्या आसपासच्या पट्ट्यात दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी, टायर आणि पोलाद यांचे मोठे कारखाने होते. फारसे शिक्षण नसलेल्या माणसाला तिथे संघटित, पगारी आणि पेन्शनीची नोकरी मिळत असे, आणि दक्षिणेकडील राज्यांतून आलेल्या असंख्य कृष्णवर्णीय कुटुंबांनी याच आधारावर घरे उभारली होती. साउथ गेट येथील फायरस्टोनचा टायर कारखाना १९८० साली बंद झाला. तिथलाच जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ साली बंद झाला. रॉस कोकेनच्या धंद्यात शिरला तो याच सुमारास. त्याच्या स्वतःच्या सांगण्यानुसार कोकेनची पहिली पुडी त्याच्या हाती आली ती व्यवसाय शिकवणाऱ्या एका शिक्षकाकडून. म्हणजे शाळेने अक्षर दिले नाही, बाजाराने नोकरी दिली नाही, आणि ज्याच्याकडे हातचे कसब शिकायला जावे त्याने माल दिला. या क्रमाला ‘निवड’ हा एक शब्द लावून मोकळे होणे म्हणजे विचार करण्याचे नाकारणे होय.

यावर एक प्रत्युत्तर नेहमी तयार असते : त्याच वस्तीतली, त्याच शाळेतली हजारो मुले धंद्यात गेली नाहीत, मग हाच का गेला? हे प्रत्युत्तर वरवर बिनतोड वाटते, पण ते भलत्याच प्रश्नाचे उत्तर देते. साथीच्या रोगात गावातली सगळी माणसे आजारी पडत नाहीत, म्हणून विहिरीचे पाणी शुद्ध ठरत नाही. रॉसच्या वैयक्तिक जबाबदारीविषयी कोणालाही शंका नाही; त्याने स्वतः ती अनेकदा जाहीरपणे मान्य केली आहे आणि तिची किंमत सुमारे वीस वर्षे तुरुंगात राहून मोजली आहे. त्याच्या जबाबदारीचा हिशेब झाला की इतर सर्वांची सुटका होते, हे गृहीतक मात्र कोठून आले? शाळेचा हिशेब कधी मांडला गेला? त्या शाळेच्या इमारतीत, त्याच व्यासपीठावरून, अजूनही मुलांनाच का बजावले जाते?

झटपट पैशाच्या हव्यासाचे विधान लवकर निकालात काढता येते. रॉसच्या उत्पन्नाचे जे अवाढव्य आकडे वृत्तपत्रांत आणि मुलाखतींत फिरतात ते एका घाऊक पुरवठादाराचे आकडे आहेत, धंद्यातल्या मुलाचे नव्हेत. अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेविट आणि समाजशास्त्रज्ञ सुधीर वेंकटेश यांनी शिकागोतील एका टोळीच्या प्रत्यक्ष हिशेबवह्यांचा अभ्यास करून २०००मध्ये दाखवून दिले, की कोपऱ्यावर उभे राहून खडे विकणाऱ्या सामान्य पोराची कमाई कायदेशीर किमान वेतनाच्या आसपास घुटमळत असे आणि मारले जाण्याचा धोका मात्र भयंकर होता. अशी बहुतेक पोरे आपल्या आईच्या घरीच राहत होती. तेव्हा रॉससारख्याच्या तोंडून डॉलरांचे डोंगर ऐकवणारे व्याख्यान मुलाला काय शिकवते? ते त्याला शंभरातल्या एकाचे आयुष्य दाखवते आणि नव्याण्णवांचे झाकून ठेवते. इशारा म्हणून आखलेल्या कहाणीचा पहिला अर्धा भाग अशा रीतीने भरतीची जाहिरात होऊन बसतो, आणि तुरुंगाच्या उत्तरार्धाने ती जाहिरात पुसली जात नाही.

पुरवठ्याकडे तर या व्याख्यानांत कोणी वळतच नाही. रॉस कोकेन पिकवत नव्हता, सीमेपार आणत नव्हता. त्याला स्वस्त आणि अखंड माल मिळत होता तो दानिलो ब्लांडोन या निकाराग्वातून आलेल्या व्यापाऱ्याकडून. ब्लांडोनचा संबंध ‘काँट्रा’ या बंडखोरांशी होता. निकाराग्वातील डाव्या सांदिनिस्ता सरकारविरुद्ध लढणाऱ्या या सशस्त्र गटांना अमेरिकेच्या सरकारचे आणि तिच्या गुप्तचर संस्थेचे, सीआयएचे, पाठबळ होते. गॅरी वेब या पत्रकाराने ऑगस्ट १९९६मध्ये ‘सॅन होजे मर्क्युरी न्यूज’ या दैनिकात हे दुवे उलगडणारी ‘डार्क अलायन्स’ नावाची लेखमाला लिहिली. तिच्यातील काही निष्कर्ष पुराव्यापेक्षा पुढे गेले, अशी टीका मोठ्या वृत्तपत्रांनी केली, आणि सीआयएने जाणूनबुजून क्रॅकची साथ पसरवली हा लेखमालेच्या वाचनातून पसरलेला समज सिद्ध झालेला नाही. परंतु तो समज बाजूला ठेवला तरी जे उरते ते थोडे नाही. सिनेटर जॉन केरी यांच्या उपसमितीने १९८९च्या अहवालात नमूद केले होते, की काँट्रांच्या जाळ्यातील माणसे अमली पदार्थांच्या वाहतुकीत गुंतली होती आणि अमेरिकी यंत्रणांतील काहींना याची माहिती होती. आणि १९९८मध्ये सीआयएच्याच महानिरीक्षकाच्या अहवालाने मान्य केले, की तस्करीचे आरोप असलेल्या व्यक्तींशी संस्थेने संबंध चालू ठेवले होते. रॉसच्या म्हणण्याप्रमाणे त्याला ब्लांडोनच्या राजकारणाचा पत्ताही नव्हता. साउथ सेंट्रलच्या रस्त्यावरचा निरक्षर तरुण शीतयुद्धाच्या एका टोकाला उभा होता, आणि आज शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुलाला सांगितले जाते, की ही सारी गोष्ट ‘नाही म्हणण्याच्या’ धैर्याची होती.

कायद्याने कृत्याच्या मापाने शिक्षा दिली, हे विधान तर सर्वांत कमी टिकणारे आहे आणि म्हणूनच त्याच्यापाशी जास्त थांबणे आवश्यक आहे. १९ जून १९८६ रोजी लेन बायस हा तरुण बास्केटबॉलपटू, बोस्टन सेल्टिक्स संघाने निवडल्यानंतर दोनच दिवसांनी, कोकेनमुळे मरण पावला. त्याने घेतलेली होती ती भुकटी. पण देशभर उसळलेल्या भीतीच्या लाटेत काँग्रेसने काही आठवड्यांत जो कायदा घाईघाईने तयार केला आणि राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ऑक्टोबर १९८६मध्ये ज्यावर सही केली, त्याने क्रॅक आणि भुकटी यांच्यात एकास शंभर असे प्रमाण ठरवले : ५०० ग्रॅम भुकटी विकणाऱ्याला जी किमान ५ वर्षांची सक्तीची कैद, तीच ५ ग्रॅम खडे विकणाऱ्याला, ५० ग्रॅम खड्यांना किमान १० वर्षे. किमान सक्तीची कैद म्हणजे आरोपीचे वय, परिस्थिती, धंद्यातले स्थान काहीही असो, न्यायाधीशाला त्याखाली जाण्याची जवळपास मुभाच नसणे. दोन्ही पदार्थांतले अमली द्रव्य एकच; फरक होता तो कोण विकतो आणि कोण ओढतो याचा. क्रॅकच्या संघीय खटल्यांत शिक्षा झालेल्यांपैकी दर १० जणांमागे ८पेक्षा जास्त जण कृष्णवर्णीय होते. हे प्रमाण २०१० साली एकास अठरावर आणले गेले आणि त्याचा लाभ आधी शिक्षा झालेल्यांना मिळायला २०१८ साल उजाडावे लागले. एकास एक ते तेव्हाही झाले नाही.

या कायद्याचा सर्वांत जड घाव रॉसवर पडला नाही. तो पडला रॉसने पुरवलेल्या भुकटीचे खडे विकणाऱ्या पोरांवर. वरच्या थरातला माणूस किलोंनी भुकटी विकत होता, खालच्या थरातला ग्रॅमांनी खडे विकत होता, आणि कायद्याने जे ग्रॅम मोजायला घेतले ते खालच्याचे. यालाच कृत्याचे माप म्हणायचे का?

रॉसचा स्वतःचा खटलाही या बाबतीत बोलका आहे. त्याला पकडण्यासाठी १९८७मध्ये त्याच्याच नावाचे एक खास पोलीस पथक उभे राहिले, आणि पुढे लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफ खात्यातील अमली पदार्थविरोधी पथकांमधले अनेक अधिकारी छाप्यांत सापडलेली रोकड चोरल्याबद्दल दोषी ठरले. ओहायोतील सिनसिनाटी शहराशी जोडलेल्या खटल्यात शिक्षा भोगून रॉस १९९४मध्ये बाहेर आला. मार्च १९९५मध्ये सॅन डिएगोजवळ १०० किलो कोकेनच्या बनावट सौद्यात त्याला अटक झाली. सौदा घडवून आणणारा खबऱ्या होता दानिलो ब्लांडोन, त्याचा जुना पुरवठादार. ब्लांडोनला १९९२मध्ये अटक झाली होती. दोनेक वर्षांत तो सुटला आणि अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेचा पगारी खबऱ्या झाला, ज्या कामासाठी त्याला पुढे १,६६,००० डॉलरांहून अधिक रक्कम दिली गेली. माल पुरवणारा बाहेर आणि सरकारी वेतनावर, माल विकत घेणाऱ्याला १९९६मध्ये पॅरोलविना जन्मठेप. ही जन्मठेप १०० किलोंची नव्हती; ती आधीच्या दोन शिक्षांवर तिसरी शिक्षा आली की आपोआप लागू होणाऱ्या नियमाची होती. व्याख्यानांतून ऐकवले जाते, की गुन्हा केला की कायदा गाठतोच. या खटल्याचे कागद वाचणाऱ्याला दिसते, की कायदा कोणाला गाठतो हे त्या माणसाकडे यंत्रणेला विकण्याजोगे काय आहे यावर ठरले.

‘शिक्षेने माणूस बनवला’ या विधानात मात्र सत्याचा एक कण आहे, आणि नेमका तोच कण प्रचारकांनी टाकून दिला आहे. रॉस वाचायला शिकला तो तुरुंगात, वयाच्या तिशीच्या उंबरठ्यावर. एकदा अक्षर लागल्यावर त्याने अधाशासारखे वाचले. त्याच्या सांगण्यानुसार तुरुंगात त्याने तीनशेहून अधिक पुस्तके वाचून काढली. जन्मठेप झाल्यावर तो तुरुंगाच्या ग्रंथालयात कायद्याची पुस्तके घेऊन बसला आणि स्वतःच्या शिक्षेतली चूक त्याने स्वतः शोधून काढली : ज्या दोन जुन्या शिक्षा वेगवेगळ्या मोजून त्याला ‘तिसऱ्या वेळेचा’ गुन्हेगार ठरवण्यात आले होते, त्या दोन्ही एकाच सलग कटातून आलेल्या होत्या, म्हणून त्या एकच मोजायला हव्या होत्या. वकिलाला पटवायला वेळ लागला, पण अपील न्यायालयाने मुद्दा मान्य केला, जन्मठेप रद्द झाली, शिक्षा २० वर्षांवर आली आणि रॉस २००९मध्ये सुटला. म्हणजे त्याला तुरुंगातून बाहेर काढले ते पश्चात्तापाने नव्हे, धास्तीने नव्हे, चांगल्या वर्तणुकीच्या शेऱ्यानेही नव्हे. एका कलमाचा अर्थ लावता येण्याच्या क्षमतेने बाहेर काढले. जी क्षमता डॉर्सी हायस्कूलने त्याला द्यायची होती, ती कोठडीने दिली, आणि तीही योगायोगाने, तो स्वतः झटला म्हणून.

हा योगायोग होता असे म्हणण्याचे कारण आहे. तुरुंगात शिकून सुधारलेल्या माणसाला टाळ्या वाजवणाऱ्या त्याच व्यवस्थेने १९९४च्या गुन्हेगारी कायद्याद्वारे कैद्यांसाठी ‘पेल ग्रँट’ बंद केले. पेल ग्रँट म्हणजे गरीब विद्यार्थ्यांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी मिळणारी, परत न करावी लागणारी संघराज्य सरकारची मदत. ती थांबताच देशभरच्या तुरुंगांतील महाविद्यालयीन वर्ग पटापट बंद पडले. ही मदत पुन्हा सुरू करण्याचा निर्णय २०२० साली झाला आणि तो प्रत्यक्षात आला २०२३मध्ये. मधल्या काळात, २०१३ साली, रँड या संशोधन संस्थेने आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन दाखवले, की तुरुंगात शिक्षण घेतलेल्या कैद्यांच्या पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याच्या शक्यतेचे प्रमाण इतरांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी होते. तुरुंग माणूस घडवतो असे ज्यांना वाटते त्यांनी या जवळपास तीन दशकांचे काय उत्तर द्यावे? घडवणारी गोष्ट शिक्षण होती हे समोर असताना ती काढून घ्यायची, भिंती ठेवायच्या, आणि मग एखादा रॉस निघाला की भिंतींचे आभार मानायचे, हा न्याय कोणता?

आता उरते ते व्याख्यानाच्या परिणामाचे विधान : मुले घाबरतील आणि सुधारतील. हा प्रश्न मतांचा राहिलेला नाही. त्यावर दीर्घकाळ मोजमाप झाले आहे. न्यू जर्सीतील राहवे तुरुंगात १९७०च्या दशकात जन्मठेपेचे कैदी किशोरवयीन मुलांना समोर बसवून तुरुंगातल्या आयुष्याचे भेदक वर्णन ऐकवीत असत. १९७८च्या ‘स्केअर्ड स्ट्रेट’ या माहितीपटाने हा उपक्रम जगभर पोहोचवला, त्याला ऑस्कर मिळाले आणि ठिकठिकाणी त्याचे अनुकरण झाले. गुन्हेशास्त्रज्ञ जेम्स फिंकनॉवर यांनी याच उपक्रमातील मुलांची तुलना त्यात न गेलेल्या मुलांशी केली तेव्हा आढळले, की तुरुंग पाहून आलेल्या मुलांनी पुढे जास्त गुन्हे केले. पुढे अँथनी पेट्रोसिनो आणि सहकाऱ्यांनी अशा ९ प्रयोगांचा, एकूण ९४६ मुलांचा, पद्धतशीर आढावा घेतला. निष्कर्ष तोच आला, की अशा कार्यक्रमांनी काहीच न करण्यापेक्षाही अधिक हानी होते. रॉसचा धंदा ज्या वर्षांत वाढत होता त्याच वर्षांत, १९८३मध्ये, त्याच लॉस एंजेलिसमध्ये पोलीस आणि शाळा यांनी मिळून ‘डेअर’ हा कार्यक्रम सुरू केला, ज्यात गणवेशातला पोलीस वर्गात येऊन मुलांना अमली पदार्थांपासून दूर राहण्याचे धडे देई. तो देशभर पसरला, आणि २००३ साली अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण संस्थेने उपलब्ध दीर्घकालीन अभ्यास तपासून सांगितले, की हे धडे घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांच्या व्यसनांत लक्षणीय फरक आढळत नाही. याउलट, रँडच्याच १९९४च्या अभ्यासानुसार देशातील कोकेनचा वापर १ टक्क्याने कमी करण्यासाठी देशांतर्गत पोलिसी कारवाईवर २४ कोटी ६० लाख डॉलर खर्च करावे लागले असते, तर व्यसनींच्या उपचारांवर ३ कोटी ४० लाख डॉलर पुरले असते. हे आकडे जुने आहेत, जाहीर आहेत, आणि तरीही दरवर्षी नव्या सभागृहांत नवी मुले त्याच धास्तीसाठी बसवली जातात.

धास्ती का चालत नाही याचे एक कारण रॉसच्याच नावाशी जोडलेले आहे. विल्यम लिओनार्ड रॉबर्ट्स या फ्लोरिडातील गायकाने, जो आधी तुरुंग रक्षकाची नोकरी करून आला होता, ‘रिक रॉस’ हे नाव घेऊन रॅप संगीतात मोठी कीर्ती मिळवली. मूळ रॉसने २०१०मध्ये दावा लावला आणि २०१३च्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयात तो हरला. कायद्याच्या दृष्टीने निकाल समजण्यासारखा आहे; पण समाज या कहाणीतून काय उचलतो, हे त्यातून उघड होते. नाव उचलले गेले, मोटारी उचलल्या गेल्या, रुबाब उचलला गेला. न वाचता आलेली शाळा, बंद पडलेले कारखाने आणि कायद्याची पुस्तके कोणीही उचलली नाहीत.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटू नये. दरवर्षी २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, महाराष्ट्रातल्या शाळा-महाविद्यालयांतही शपथा होतात आणि भाषणे होतात, आणि त्यांचा सूर हाच असतो. मेफेड्रोन, म्हणजे मुंबई-पुण्यात ‘एमडी’ म्हणून ओळखली जाणारी भुकटी, २०१५मध्ये १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आली; तिचे ५० ग्रॅम सापडले की ते ‘व्यापारी प्रमाण’ ठरते, शिक्षा किमान १० वर्षे होते आणि जामीन मिळणे अतिशय कठीण बनते. त्यात शुद्ध द्रव्य किती आणि भेसळ किती हे पाहिले जात नाही, मिश्रणाचे संपूर्ण वजन धरले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये हीच भूमिका कायम केली. पुडी पोहोचवणारा पोरगा आणि कारखाना चालवणारा मालक यांना एकाच वजनकाट्यावर उभे करणारी ही पद्धत अमेरिकेने १९८६मध्ये अनुभवली आहे, आणि तिचा पश्चात्ताप करायला तिला चोवीस वर्षे लागली.

तरी महाराष्ट्राकडे याहून वेगळी एक परंपराही आहे, आणि तिचा जन्म त्याच १९८६ सालचा आहे. गर्दच्या, म्हणजे अशुद्ध हेरॉइनच्या, विळख्यात सापडलेल्या तरुणांवर अनिल अवचट यांनी लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी आर्थिक मदत देऊ केली आणि डॉ. अनिता अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. तिथे व्यसनातून बाहेर आलेली माणसेच पुढे समुपदेशक म्हणून काम करतात. अनुभवी माणसाचे बोलणे निरुपयोगी असते, असा या लेखाचा दावा नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे. ते बोलणे कामी येते तेव्हा ते तासाभराचे भाषण नसते. ते महिनोन् महिने सोबत बसणे असते, घरच्यांना बोलावून समजावणे असते, घसरलेल्याला पुन्हा दारात घेणे असते. अमेरिकेने भीतीच्या भरात ५ ग्रॅमांचा तराजू उभा केला त्याच वर्षी पुण्यात कोणीतरी खाटा मांडल्या. या दोन उत्तरांतले कोणते उत्तर माणसे परत आणते, याविषयी अजूनही कोणाला शंका असावी, ही खेदाची गोष्ट आहे.

रॉसच्या आयुष्यात इशारा आहे, आणि तो अत्यंत स्पष्ट आहे. रॉस स्वतः सुटल्यापासून साक्षरतेविषयी सातत्याने बोलत आला आहे, पण त्याचे हे बोलणे आयोजकांना प्रस्तावनेइतकेच हवे असते. त्यांना हवी असते ती बेड्यांची गोष्ट. तो इशारा आहे न वाचता येणाऱ्या मुलाला वरच्या वर्गात पाठवणाऱ्या शाळेला, कारखाना हलवल्यावर मागे राहिलेल्या वस्तीकडे पाठ फिरवणाऱ्या नगरपालिकेला, पुरवठादाराला पगार देऊन गिऱ्हाइकाला जन्मठेप देणाऱ्या यंत्रणेला, भेदरलेल्या काही आठवड्यांत कायदा लिहिणाऱ्या विधिमंडळाला आणि तुरुंगातला वर्ग बंद पाडणाऱ्या निर्णयाला. यांपैकी एकालाही आजवर त्या सभागृहात बसवले गेलेले नाही. म्हणून मागणी अगदी नेमकी आहे : पुढच्या वेळी असा वक्ता येईल तेव्हा पहिल्या रांगेत मुख्याध्यापक, शिक्षण मंडळाचे सदस्य, पोलीस अधिकारी आणि आमदार यांना बसवावे, त्यांनी संपूर्ण कहाणी सुरुवातीपासून ऐकावी, आणि मुलांना त्या तासाला एखाद्या शिक्षकाबरोबर शेजारच्या खोलीत वाचायला जाऊ द्यावे.